नरक्या वाचवायचा तर प्रयोग बाटलीत करा, बांधावर नको

प्रति,
मा. कुलगुरू आणि सर्व संबंधित शास्त्रज्ञ,
डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली
तसेच
महाराष्ट्र राज्य औषधी वनस्पती मंडळाचे सन्माननीय सदस्य

विषय : औषधी वनस्पतींतले गुणकारी घटक वाढवण्यासाठी एपिजेनेटिक मॉड्युलेटरांवर कोकणात संशोधन सुरू करणे आणि त्याच्या मर्यादा आधीच ठरवून देणे याबाबत.

सप्रेम नमस्कार.

कुडाळ तालुक्यात मी औषधी वनस्पतींची एक लहानशी रोपवाटिका चालवते. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर शहरात न राहता गावी परत आले. त्यामुळे शोधनिबंधांची भाषा थोडीफार कळते आणि शेतकऱ्यांची पूर्ण कळते. मागणी सुरुवातीलाच सांगते, म्हणजे पत्र कशासाठी आहे याचा अंदाज येईल. झाडाचा जनुकीय आराखडा न बदलता, फक्त त्यातल्या बंद जनुकांना जागं करून औषधी घटक वाढवता येतात, असं दाखवणारं काम जगात बऱ्याच ठिकाणी झालं आहे. ते कोकणात, घाटातल्या नरक्या या औषधी झाडासारख्या आपल्या वनस्पतींवर, आपल्या विद्यापीठात व्हावं. मात्र ते प्रयोगशाळेच्या काचपात्रात व्हावं. त्यातली रसायनं, म्हणजेच विषयात म्हटलेली एपिजेनेटिक मॉड्युलेटर, कुठल्याही निमित्ताने शेतात, बागेत किंवा जंगलात येऊ नयेत, आणि हे बंधन आज, काम सुरू होण्याआधी, लेखी घालून घ्यावं.

आमच्या धंद्यात माल कसा विकला जातो हे आधी सांगायला हवं. काळमेघाचा सुकवलेला पाला घेऊन आम्ही व्यापाऱ्याकडे जातो. तो गोणीत हात घालतो, मधूनच दोन पानं काढतो, एक दाढेखाली धरतो, थुंकतो आणि म्हणतो, ‘कडू आहे, चालेल.’ मग काटा लागतो. भाव किलोवर. त्या पाल्यात अँड्रोग्राफोलाइड, म्हणजे त्यातला मुख्य औषधी घटक, किती आहे हे त्यालाही ठाऊक नसतं आणि मलाही. फुलं धरू लागली की लगेच कापणी करणारा शेतकरी आणि पाला जून होऊन पिवळा पडेपर्यंत थांबलेला शेतकरी, दोघांना एकच दर. उलट दुसऱ्याचं वजन जास्त भरतं, म्हणून पैसेही त्यालाच जास्त. औषधी शेती करा म्हणून आम्हाला व्याख्यानं पुष्कळ मिळाली, पण औषध मोजायची सोय तालुक्याच्या गावी कुणी उभी केली नाही.

आणि मोजलं, तर काय दिसतं? एकाच झाडाच्या बियांपासून केलेली रोपं एक कातळावर लावली, एक खाडीकाठच्या मळ्यात लावली, की त्यांचा कस सारखा राहत नाही. वैद्य मंडळी हे पूर्वापार सांगत आली आहेत. कुठली मुळी कुठल्या जमिनीतून, कुठल्या ऋतूत उचलायची याचे त्यांचे नियम आहेत. बीज एक असून गुण वेगळा का, याचं एक मोठं कारण आता रेणूंच्या पातळीवर दिसू लागलं आहे, आणि माझं सगळं म्हणणं त्याच्यावर उभं आहे.

झाडाच्या प्रत्येक पेशीत डीएनए तोच असतो. आपल्याकडच्या जुन्या चौसोपी घरासारखं समजा. पडवी, माजघर, देवघर, माळा, बाळंतिणीची खोली, सगळं त्यात आहे. पण रोज उघडतात त्या चार खोल्या. बाकीच्यांना बाहेरून कडी. डीएनएवर ही कडी घालायच्या मुख्य पद्धती दोन. एक म्हणजे सायटोसिन या अक्षरावर मिथाइल गट चिकटवणं. दुसरी म्हणजे ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती डीएनए गुंडाळलेला असतो त्यांच्यावरचे अ‍ॅसिटाइल गट काढून घेणं, म्हणजे गुंडाळी घट्ट होते आणि आतलं जनुक वाचलं जात नाही. अक्षरं बदलत नाहीत, फक्त वाचन थांबतं. कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये ‘एपिजेनेटिक्स’ हे नाव दिलं तेव्हा यातलं काहीच दिसलेलं नव्हतं. झाडाला कीड लागली, पाणी तुटलं, खारं वारं लागलं, की यातल्या काही कड्या निघतात आणि काही नव्याने पडतात. आपण ज्याला औषध म्हणतो ती बहुतेक द्रव्यं झाडाने स्वतःच्या बचावासाठी केलेली असतात. म्हणून ती ज्या खोल्यांत तयार होतात त्या अनेकदा बंदच असतात आणि अडचण आली तरच उघडतात.

खाडीकाठच्या माणसाला पटेल असा एक पुरावा ब्राझीलचा आहे. तिथे खारफुटीच्या एकाच जातीची नदीकाठची उंच झाडं आणि खाऱ्या दलदलीतली खुरटलेली झाडं तपासली गेली. २०१० साली ते काम प्रसिद्ध झालं. जनुकीय फरक फारच थोडा, पण मिथाइल गटांच्या मांडणीत मोठी तफावत. हाच अभ्यास कर्ली, तेरेखोल, वाशिष्ठीच्या काठी का होऊ नये? विद्यापीठाचं पनवेलचं खार जमीन संशोधन केंद्र मिठाला तोंड देणाऱ्या भातावर वर्षानुवर्षं काम करतं आहे. तो अनुभव औषधी वनस्पतींकडे वळवायला नवी इमारत लागत नाही.

आता मॉड्युलेटर. या कड्या काढणाऱ्या किंवा घालणाऱ्या रसायनांना हे नाव आहे. ५-अझासायटिडिन हे त्यातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात जास्त वापरलेलं. पेशी नवा डीएनए करताना सायटोसिनच्या जागी ते शिरतं आणि मिथाइल गट चिकटवणाऱ्या एंझाइमलाच अडकवून ठेवतं. दुसऱ्या गटात हिस्टोनवरचे अ‍ॅसिटाइल गट काढू न देणारी द्रव्यं येतात: व्होरिनोस्टॅट, ट्रायकोस्टॅटिन, सोडियम ब्युटिरेट, फेफऱ्यावर दिलं जाणारं व्हॅल्प्रोइक आम्ल. ब जीवनसत्त्वाच्या घरातलं निकोटिनामाइडही एका विशिष्ट एंझाइम गटावर तसंच काम करतं, आणि ते स्वस्त आहे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा विद्यापीठात काही साध्या बुरशींवर अशी द्रव्यं वापरून पाहिली, तर त्या बुरशी आधी कधी न दिसलेले रेणू बनवू लागल्या. टॅक्सस या सूचिपर्णी झाडाच्या पेशी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवत नेल्या की त्या पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचं औषध करणं कमी करतात, कारण त्यांच्यात मिथाइल गट साचत जातात. ५-अझासायटिडिन दिल्यावर उत्पादन पुन्हा चढतं. हे लक्षात घेण्यासारखं आहे, कारण पॅक्लिटॅक्सेल आज मोठ्या टाक्यांत वनस्पतिपेशी वाढवून व्यापारी प्रमाणावर काढलं जातं. त्यासाठी झाड सोलावं लागत नाही.

आता नरक्याकडे येऊ. मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते त्याच्याबद्दल.

आंबोली, फोंडा, आंबा घाटाच्या रानांत ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांना नरक्या माहीत आहे. पान चुरगळलं की घाण वास येतो, पावसाळ्यात येणाऱ्या पिवळट फुलांनाही तोच वास, आणि नाव त्यावरूनच पडलं. काही लोक त्याला अमृता म्हणतात. गुरं त्याच्या वाटेला जात नाहीत. पूर्वी माणसंही जात नव्हती. मग या झाडाच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन, म्हणजे कर्करोगावरची औषधं ज्यापासून करतात तो रेणू, आहे हे बाजाराला कळलं.

कॅम्प्टोथेसिनची गोष्ट मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी आहे. १९६६ मध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनात, एका चिनी झाडापासून हा रेणू वेगळा केला. वाणी मूळचे नंदुरबारचे, शिकले मुंबई विद्यापीठात. पुढे याच जोडीने पॅक्लिटॅक्सेलही शोधलं. १९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी तेच कॅम्प्टोथेसिन आपल्या नरक्यात असल्याचं दाखवलं. गोविंदाचारी तेव्हा मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे संचालक होते. १९९६ मध्ये त्यापासून केलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही दोन औषधं अमेरिकेत मान्य झाली. एक अंडाशयाच्या, दुसरं मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर. हे सगळं अभिमानाने सांगावं असं आहे. पण त्याच शोधाने आमच्या घाटातल्या झाडावर कुऱ्हाड आणली.

सुकलेल्या लाकडात हा रेणू ढोबळमानाने ०.३ टक्का, म्हणजे किलोमागे तीनेक ग्रॅम. तोही झाडागणिक कमी-जास्त. मुळांत जास्त असतो म्हणून झाड मुळासकट उपटलं जातं. तोडलेल्या जागी गेलात तर काय दिसतं ते सांगते. बुंध्याचा खड्डा, त्याच्या कडेला पावसाने उघडी पडलेली तंतुमुळं, आणि आजूबाजूला बोटाएवढ्या ढलप्या पसरलेल्या. गोणी भरताना सांडलेल्या. ढलप्यांना अजून तो वास असतो. पुढच्या पावसात खड्ड्यात रानमोडी उगवते, आणि तिथे नरक्या होता हे सांगायला कुणी उरत नाही. वनखात्याने गोणी पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो, पण पकडलेली गोणी झाड परत आणत नाही. जंगल उतरणाऱ्या गड्याला मिळते ती मजुरी. तो चोर नसतो, गरजू असतो. खरा माल पुढे जातो.

या झाडाला वाचवायचे मार्ग शोधताना तीन प्रकारचं काम झालं. पहिलं ऊतिसंवर्धनाचं, भाभा अणुसंशोधन केंद्रात नरक्याच्या ऊती बाटलीत वाढवून त्यातलं कॅम्प्टोथेसिन मोजण्यावर बरंच काम झालेलं आहे. दुसरं बुरशीचं. २००५ मध्ये जम्मूच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या नरक्याच्या आतल्या सालीत निमूटपणे राहणारी एक बुरशी वेगळी काढली आणि ती बुरशी झाडाशिवायही कॅम्प्टोथेसिन करते असं दाखवलं. किती मोठी गोष्ट! झाड तोडायला नको, ढलप्या नकोत, बुरशी टाकीत वाढवा आणि औषध काढा. पण आनंद टिकला नाही. अशा बुरशी पुन्हा पुन्हा नव्या माध्यमावर वाढवल्या की काही पिढ्यांतच हा रेणू करणं जवळजवळ सोडून देतात. झाडाच्या सालीत मिळणारे संकेत बाटलीत मिळत नाहीत, आणि खोली बंद होते.

तिसरं काम इथून सुरू होतं. बंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठातल्या गटाने २०१५ मध्ये अशी मंदावलेली बुरशी घेतली. एकदा ती परत नरक्याच्या झाडात सोडली. उत्पादन परत आलं. मग झाडाशिवाय, फक्त ५-अझासायटिडिन देऊन पाहिलं. तेव्हाही काही अंशी परत आलं. म्हणजे बुरशी ते काम विसरली नव्हती, तिच्या जनुकांवर कडी पडली होती. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. उत्पादन अजून किरकोळ आहे, कारखान्याला पुरण्याएवढं नाही. बुरशी हे सगळं स्वतः करते की झाडाकडून काही पायऱ्या उसन्या घेते, यावरही शास्त्रज्ञांत वाद आहेत. पण दिशा मिळाली आहे. आणि ते झाड आमच्या घाटात आहे. त्याच्या सालीत किती प्रकारच्या बुरशी राहतात, आंबोलीची बुरशी आणि आंबा घाटाची बुरशी सारखी आहे का, पावसाळ्यात आणि फाल्गुनात त्यात काय फरक पडतो, हे बघायला दापोलीहून किंवा सावंतवाडीहून एक दिवसात जाऊन येता येतं. जम्मूचे लोक आमच्या झाडाची बुरशी शोधू शकतात, बंगळुरूचे ती जागी करू शकतात, मग पुढची पायरी कोकणाने उचलावी, असं म्हणायचा आम्हाला हक्क आहे.

झाडाच्या केसाळ मुळांचं संवर्धन हाही मार्ग आहे. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम रायझोजीन्स हा जिवाणू लावला की जखमेतून पांढरी, लोकरीसारखी मुळं फुटतात आणि ती बाटलीतल्या द्रावणात माती न लागता वाढत राहतात. सप्तरंगीची मुळी मधुमेहावर मागितली जाते आणि त्यासाठी किनाऱ्यालगतच्या देवराया, झाडोरे खणले जातात. तिच्या मुळांवरही असे प्रयोग व्हावेत. मुळं बाटलीत, मॉड्युलेटर बाटलीत, आणि शेवटी निर्जंतुक करून नष्ट केलेलं द्रावणही तिथल्या तिथे.

बाटलीबाहेर का नको, याबद्दल मात्र मी जरा कठोरपणे लिहिणार आहे.

कडी काढणाऱ्या या रसायनांना आपल्याला हवी ती खोली ओळखता येत नाही. ५-अझासायटिडिन सगळ्या घरभर फिरतं आणि मिळेल ती कडी काढतं. ज्या खोल्या झाडाने मुद्दाम बंद ठेवल्या होत्या, त्याही. १९९० मध्ये जपानमध्ये उगवत्या भाताला या रसायनाची एकदाच मात्रा दिली, तर रोपं बुटकी राहिली आणि तो बुटकेपणा पुढच्या पिढीतही उतरला. एकदाच, आणि पुढच्या पिढीतही. भात लावणाऱ्या प्रदेशाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

दुसरं उदाहरण तेलमाडाचं. मलेशियात उत्तम झाडांच्या ऊतिसंवर्धित प्रती करून बागा उभ्या केल्या. काही वर्षांनी झाडं फळाला आली तेव्हा कळलं की बऱ्याच झाडांची फळं विकृत आहेत आणि त्यांत तेल फारच कमी आहे. कारण सापडलं २०१५ मध्ये: फूल घडवणाऱ्या जनुकाच्या आत बसलेल्या एका तुकड्यावरचे मिथाइल गट संवर्धनात गळून पडले होते. त्या तुकड्याचं नाव ‘कर्मा’. शेतकऱ्याने रोप घेतलं तेव्हा ते दिसायला निरोगी होतं. दोष कळेपर्यंत जमीन, खत, मजुरी आणि आयुष्याची वर्षं त्यात गेली होती. कोकम, जायफळ, काजू, आंबा ही आमची झाडंही लावल्यावर काही वर्षांनीच फळ देतात. आमची चूक आम्हाला पुढच्या हंगामात दिसत नाही, ती मुलांच्या हातात दिसते.

ही भीती हवेतली नाही. हापूस दरवर्षी मोहोरावा म्हणून पॅक्लोब्युट्राझॉल हे झाडाची वाढ आवरणारं रसायन वापरायला सुरुवात झाली. त्याची शिफारस मोजून-मापून आहे, झाडाच्या विस्तारावरून मात्रा ठरते, आळ्यात द्यायची पद्धत ठरलेली आहे, आणि ते चांगलं काम करतं. पण बाग तीन-चार वर्षांच्या खंडाने दिली की खंडकरी झाडाच्या पुढच्या वीस वर्षांचा विचार कशाला करेल? तो जास्त देतो. झाड मोहोरतं, पैसा होतो, आणि बाग परत मालकाकडे येते तेव्हा फांद्या आखूड, पालवी दाटीवाटीची आणि झाड थकलेलं. शास्त्र बरोबर होतं, पण वापर शास्त्रज्ञाच्या हातात नव्हता. औषधी पिकाचं असंच होईल. ‘कस वाढवणारं टॉनिक’ म्हणून छापील बाटली कृषी केंद्राच्या फळीवर यायला वेळ लागत नाही. २०२१ पासून जैवउत्तेजकं, म्हणजे पिकाचा जोम वाढवायला विकली जाणारी द्रव्यं, खत नियंत्रण आदेशाखाली आली हे चांगलं झालं. पण एपिजेनेटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रव्यांबाबत विद्यापीठाने स्वतःची लेखी शिफारस, म्हणजे इथे ‘शिफारस नाही’ असं स्पष्ट पत्रक, काढलं पाहिजे. दुकानदारासमोर शेतकऱ्याला दाखवायला तेवढा कागद पुरतो.

आणि हे रसायन हाताळायचं कुणी? ५-अझासायटिडिन हे स्वतः कर्करोगावरचं औषध आहे, अमेरिकेत २००४ पासून रक्ताच्या एका विकारावर दिलं जातं. दुसरीकडे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘कर्करोगकारक असण्याची दाट शक्यता’ असलेल्या २ए गटात ठेवलं आहे. दवाखान्यात परिचारिका हातमोजे आणि झगा घालून ते भरतात. आमच्याकडे फवारणी करणारा गडी अंगात बनियन आणि तोंडाला टॉवेल, एवढ्यावर करतो. पाण्यात हे द्रव्य लवकर विघटित होतं, असं कुणी म्हणेल. पण ज्या पाल्याचा काढा माणूस औषध म्हणून पिणार आहे, त्यात त्याचा किंवा त्याच्या अवशेषांचा कणही राहू नये, एवढी अपेक्षा जास्त आहे का?

आणखी एक मुद्दा वैद्यांच्या बाजूने मांडते. घटक वाढला म्हणजे औषध सुधारलं, असं प्रत्येक वेळी होत नाही. सर्पगंधेत रिसर्पिन वाढलं तर रक्तदाब उतरवणारा गुण वाढेल, पण नेहमीच्या मात्रेत घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ते जास्तच होईल. वैद्याची मात्रा झाडाच्या नेहमीच्या कसावर बसलेली असते. म्हणून ज्या वनस्पती अख्ख्या, चूर्ण किंवा काढा म्हणून वापरल्या जातात, त्यांत हे काम घाईने आणू नका. ज्यातून एकच शुद्ध रेणू काढून औषध केलं जातं, तिथे आधी करा. नरक्या त्यात पहिला.

आता कोकमाकडे वळते, कारण बहुतेकांना हे ठाऊक नाही. रातांब्याच्या सुकलेल्या सालीत गार्सिनॉल नावाचं पिवळं द्रव्य असतं, साधारण दोन ते तीन टक्के. २००४ मध्ये बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात तपस कुंडू यांच्या गटाने दाखवलं की हे गार्सिनॉल हिस्टोनवर अ‍ॅसिटाइल गट बसवणाऱ्या एंझाइमांना रोखतं. म्हणजे ज्या आमसुलाची आपण आमटी करतो त्याच्या सालीत एक एपिजेनेटिक मॉड्युलेटर बसलेला आहे! ते कडी काढणारं नाही, उलट घालणारं आहे, हे ध्यानात ठेवायला हवं. तरीही संशोधनाच्या बाजारात शुद्ध गार्सिनॉल मिलिग्रॅमच्या मापाने विकलं जातं, आणि आमच्याकडे वळिवाचा पाऊस लवकर आला की रातांबे झाडाखाली कुजतात. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातिस’ या जाती आपल्या विद्यापीठानेच दिल्या. मग कुठल्या जातीच्या, कुठल्या गावच्या, किती पिकलेल्या फळाच्या सालीत गार्सिनॉल जास्त, याचा तक्ता करणं अवघड नाही. ते तेलात विरघळणारं असल्याने आगळ काढल्यावरही बरंचसं सालीतच राहावं. तेव्हा सरबताचा धंदा चालूच ठेवून उरलेल्या सालीला दुसरा भाव मिळू शकतो. महिला गटांसाठी ही नुसती कल्पना राहू नये. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने ती हातात घ्यावी, अशी विनंती आहे.

शेतात काहीच देऊ नका, असंही मी म्हणत नाही. कायटोसान हा चांगला उमेदवार आहे. कोळंबीच्या टरफलांपासून ते करतात. झाडाला वाटतं बुरशीचा हल्ला झाला, आणि ते स्वतःच आपल्या बचावाच्या खोल्या उघडतं. कुठल्या उघडायच्या हे झाडच ठरवतं. मिरकरवाडा, हर्णै, देवगड, मालवण इथे कोळंबी सोलल्यावर टरफलांचे ढीग पडतात आणि त्यांचा वास गावभर फिरतो. त्याचं कायटोसान करून काळमेघ, शतावरी, पिंपळीवर किती मात्रेत काय फरक पडतो, याच्या चाचण्या खुशाल शेतावर घ्या. पहिली चाचणी माझ्या रोपवाटिकेत घ्यायला माझी तयारी आहे.

पैशाबद्दल न बोलता पत्र संपवलं तर ते अपुरं राहील. जैविक विविधता कायदा २००२ मध्ये जैविक साधनसंपत्ती म्हणजे झाडं, प्राणी आणि सूक्ष्मजीवही. म्हणजे एखाद्या गावच्या रानातल्या नरक्याच्या सालीतून काढलेली बुरशी हीही या कायद्यात येते, आणि माझ्या मते तिच्यावर त्या गावचा हक्क आहे, बाटलीत गेली तरी. पण गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीत आंबा, फणस, हळद सापडते. बुरशी सापडत नाही. पुढे त्या बुरशीतून चांगलं उत्पादन देणारा वाण निघाला तर तो कुठून आला, हे सिद्ध कसं करणार? नमुना घेतानाच समितीला लेखी कळवा, गावाचं नाव आणि जागा नोंदवहीत लिहा, आणि बुरशीचा एक भाग पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहात ठेवा. झाड तोडायला गेलेल्या गड्याला त्याच झाडाची राखण करण्याचा रोज मिळू लागला, तर घाटातल्या चौकीवर कमी ताण येईल.

मंडळाकडे एक वेगळी मागणी आहे. रोपं आणि लागवडीसाठी अनुदान मिळतं, ते राहू द्या. पण कुडाळ, रत्नागिरी आणि महाडला घटक मोजणारी एचपीएलसी तपासणी शेतकऱ्याला परवडेल अशा दरात द्या. मोजणी नसेल तर कसाला भाव नाही, आणि कसाला भाव नसेल तर मॉड्युलेटरचं कितीही संशोधन झालं तरी त्याचा फायदा मोठ्या खरेदीदारालाच होईल. व्यापारी दाढेखाली पान धरून भाव ठरवतो तोवर आमच्या बाजूने बोलायला काहीच नाही.

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात, कुडाळला किंवा वेंगुर्ल्याला एक दिवस विद्यापीठाचे शास्त्रज्ञ, मंडळाचे प्रतिनिधी, वनखात्याचे अधिकारी, दोन-तीन वैद्य आणि आम्ही उत्पादक असे एकत्र बसू. नरक्याची बियांपासून केलेली रोपं माझ्याकडे आहेत. सालीचे नमुने त्यांच्यापासून घ्या, रानातल्या झाडाला हात लावायची गरज नाही. जागा, चहा आणि जेवणाची सोय आम्ही करू. आपण फक्त तारीख कळवावी.

आपली विश्वासू,
कुडाळ तालुक्यातील एक रोपवाटिकाचालक